आत्याचा नंबर

आत्या गेल्याचं मला नगरच्या मोठ्या हॉस्पिटलच्या जिन्यात कळलं. हातात चहा होता. नर्सने विचारलं, "नातेवाईक तुम्हीच ना?" आणि पुढचं सांगायची गरज राहिली नाही. चहा मात्र मी तिथेच उभ्याने पिऊन टाकला. का, ते अजून सांगता येत नाही.

द्वारकाआत्या तिसगावची. दवाखान्यांबद्दल तिची मतं पक्की होती. बीपीच्या गोळ्या सरकारी केंद्रातून. डोळे शिबिरात तपासायचे, कारण तिथे माहेरच्या बायका भेटतात. ताप, अंगदुखी आणि सुनेच्या तक्रारी यांसाठी पेठेतले आमचे डॉक्टर, त्यांच्या हाताला गुण होता. आणि नगर? "तितं मानूस बसून जातो अन् आडवा येतो," ती म्हणायची. तिचे यजमान तसेच आले होते, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी मी घालायचो. हृदयाचे डॉक्टर वेगळे, त्यांची यंत्रं वेगळी, ती इथे मिळत नाहीत... आत्या सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "जेवलास का?"

आमच्या डॉक्टरांकडे नंबर चपलांनी लागतो. दारात चपला ओळीने ठेवायच्या आणि समोरच्या कट्ट्यावर गप्पा मारत बसायचं. तिला नगरला नेलं त्या सकाळी पहिल्या चपला आत्याच्या होत्या. अदलाबदल नको म्हणून अंगठ्याला लाल दोरा बांधलेल्या. छाती भरून आली म्हणून मीच तिला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, दोनदा पाहिला. "आत्या, हे माझ्या हातचं नाही. आत्ताच्या आत्ता नगरला निघा."

तिने दारातल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "जाते. पर चपला हितंच ऱ्हाऊ द्या. माघारी आले की पयला नंबर माझा." अनवाणीच गाडीत बसली. करंजी घाटात तिने विचारलं, "कुनी उचलायचं न्हाई ना रं?" मी नाही म्हणालो.

नगरच्या डॉक्टरांनी जे करता येईल ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

काही आठवड्यांनी खोकल्यासाठी पेठेत गेलो. लाल दोऱ्याच्या चपला ओळीत सगळ्यात पुढे होत्या. एक नवखी बाई त्या सरकवून आपल्या ठेवू लागली, तर कट्ट्यावरून कोणीतरी म्हणालं, "त्या द्वारकाआत्याच्या हायेत. मागं ठिवा." मला रडू आलं, सगळ्यांदेखत.

तेवढ्यात आतून डॉक्टरांनी हाक दिली, "चला, पहिला नंबर!"

क्षणभर कोणीच उठलं नाही.