उस्तादांचा चष्मा

दूध करपून भांडं काळं झालं, तेव्हा ती त्याच ओट्याशी उभी होती. हातात द्राक्षांचा तक्ता, ओठांवर पुटपुट. सासूबाई नाक दाबत आत आल्या.

"अगं, घर धुरानं भरलंय! लक्ष कुठंय तुझं?"

"अभ्यासात."

सासूबाईंनी गॅस बंद केला. "लक्ष नसलं तरी माणसाला नाक असतं."

दीड महिन्यापूर्वीचा ताप जाताना वास घेऊन गेला होता. साबण, कांदा, फिनेल, सगळं एकच: काहीच नाही. हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं हॉटेलात ताटं वाहून तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता. वाइनचं काम बघणारे उस्ताद एक तारखेला निवृत्त होणार होते. त्यांची जागा मिळाली तर ताटं सुटणार होती. नाही मिळाली, तर गुडघा किती दिवस निभावेल हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

"मला सगळं कळतं हं," सासूबाई भांडं घासत म्हणाल्या. "परवा डाळ आंबली होती, तू वाढलीस. बोलले नाही इतकंच. काय पाठ करतेस ते तरी सांग."

"बाटलीवर गावाचं नाव असतं, द्राक्षाचं नसतं. फ्रान्सच्या बर्गंडीची लाल म्हटली की द्राक्ष पिनो न्वार, हे आपण ओळखायचं. स्पेनच्या रियोहाची लाल म्हणजे बहुतेक तेम्प्रानियो. तेच द्राक्ष शेजारच्या देशात गेलं की नाव बदलतं."

"मग आमच्यासारखंच की. अमक्या गावची सून! तिचं नाव कोण विचारतंय?"

ती हसली. उस्तादांच्या जागेसाठीची परीक्षा आजच होती.

दुपारी तीनला जेवणाचं दालन रिकामं होतं. उस्ताद पांढऱ्या टेबलापाशी उभे होते. ताठ, अबोल माणूस. या माणसाच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही, असं सगळे म्हणत. तिला एक गोष्ट माहीत होती. स्वयंपाकघरात काही नासलं असलं की उस्ताद बोलायच्या आधी चष्मा वर सरकवत.

पहिला पेला, पांढऱ्या वाइनचा. कुठली ते ओळखायचं होतं. तिने रिवाजाप्रमाणे नाक खुपसलं. आत काचेचा गारवा, बाकी शून्य. तिने घोट घेतला. जिभेच्या कडा आंबल्या, मागून किंचित गोडी आली, घशाला जवळजवळ ऊब नाही, म्हणजे मद्यार्क कमी.

"द्राक्ष रीसलिंग. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची."

उस्तादांनी मान हलवली. दुसरा पेला फिकट लाल. घोट घेऊन पिनो म्हणायला तोंड उघडलं, तोच हिरड्या आवळल्या, कच्चं केळं खाल्ल्यासारख्या. रंग इतका फिका आणि पकड इतकी घट्ट!

"द्राक्ष नेबियोलो. इटलीतलं पीडमाँट."

"आता पाहुण्यासमोर उघडतेस तशी उघड," म्हणत त्यांनी तिसरी बाटली पुढे केली.

बूच निघालं. तिने दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली. रंग चांगला होता. चव बोथट लागली, पण तापापासून सगळ्याच चवी बोथट होत्या. चांगली आहे म्हणावं की वाईट? खोटं बोलावं तरी कुठलं?

उस्तादांनी आपला पेला नाकाशी नेला. बोट चष्म्याकडे गेलं.

"ही पाहुण्याला द्यायची नाही," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "बुचानं खराब केलीय. ओल्या पुठ्ठ्याचा वास आहे."

पुस्तकातलं वाक्य होतं ते.

"शाब्बास!" अकरा वर्षांत उस्ताद पहिल्यांदाच हसले. "मागच्या वर्षी तिघं इथेच आपटले. एक तारखेपासून तळघराच्या चाव्या तुझ्याकडे."

मग त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि खिशात ठेवला. ती त्या खिशाकडे बघत राहिली.

घरी दार उघडताच सासूबाईंनी विचारलं, "झालीस का पास?"

"झाले."

त्यांनी तिच्या हातावर साखर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "आणि आता रोज नाकाचं काय करणार गं?"

सकाळच्या भांड्यात नवं दूध तापत होतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि ते वर येईपर्यंत तिने पापणीही लवू दिली नाही.