चंदेरी रंगावरची धूळ

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा आमचे शेजारी कचेरीत कारकून होते. बोलण्याआधी ते टेबलावरच्या धुळीवर फुंकर घालीत. मी विमानशास्त्र शिकायला निघणार, म्हणून ते मला देण्यासाठी लाकडी विमान घडवीत होते. चकचकीत काळ्या रंगावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर दिला, की लाकूड धातूसारखे दिसते. मात्र धूळ दबावी म्हणून जमिनीवर शिंपडायला राखलेली घागर त्यांनी दुष्काळात पाणी मागायला आलेल्या बाईला दिली. ओल्या रंगावर धूळ बसली.

“असंच द्या, काका.”

“न्हाई पोरी. विमानाला खरूज झाली. असलं कुणाला द्यावं का? पाऊस पडू दे, धूळ बसली की परत रंगवतो.”

मला ते खरखरीतही हवे होते. मी निघाले त्या सकाळी त्यांनी रिकाम्या हातांनी निरोप दिला. त्यांच्या बोटांना विमानावरून घासून काढलेल्या रंगाची चंदेरी भुकटी लागली होती.