दोन सेकंदांचा विराम आणि बारा किलोंचा दगड

इंग्रजी व्याकरणावरील माझ्या प्रभुत्वामुळे लेण्यांजवळच्या फर्दापुरात पर्यटकांची एक बस नियोजित वेळेच्या वीस मिनिटे आधी सुटली.

तिथे माझ्या मामांचे रंगीत स्फटिकांचे छोटे दुकान आहे. त्यांनी हौसेने आणलेला, आतून जांभळ्या स्फटिकांनी भरलेला बारा किलोंचा एक दगड वर्षभर विकला गेला नव्हता. दुकानात जागा नसल्याने त्याचा मुक्काम स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या जागी होता. (डबा पलंगाखाली!) त्या सकाळी मामींनी निर्वाणीचा इशारा दिला, "आज ही गारगोटी गेली नाय, तर मी जाते पिशोरला माहेरी. मग तिलाच सांगा भाकरी थापायला!"

मामांचा चेहरा उतरला. मी मात्र उत्साहाने उसळले! संभाजीनगरहून दोन दिवसांसाठी आलेली, रसायनशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झालेली मी, समस्या दिसली की गृहीतक मांडणारच.

"मामा, दोष दगडाचा नाही, वाक्यरचनेचा आहे. 'यू हॅव नेव्हर सीन सच अ स्टोन' हे सपक वाक्य. 'नेव्हर' उचलून अगदी पुढे आणा, पाठोपाठ 'हॅव' आणा. नेव्हर हॅव यू सीन सच अ स्टोन! पाहा, वाक्याला कसे वजन आले!"

"दगडाला कमी हाय का वजन?" मामी आतून म्हणाल्या.

"आणि 'नेव्हर' म्हटल्यावर दोन सेकंद थांबायचे. कुतूहल वाढते."

"व्हय व्हय! लई भारी!" मामा म्हणाले आणि तासभर सराव केला. माझ्या प्रयोगात एकच घटक विचारात घ्यायचा राहिला: मामांचा आवाज. तो तीन शेतांपलीकडच्या माणसाला जेवायला बोलावण्यासाठी घडलेला होता!

दगड स्वयंपाकघरातून दुकानाच्या दारात आणून मांडला. बस आली. एका परदेशी आजोबांनी कौतुकाने दगडाकडे हात नेला. मामांनी हात उंचावून गर्जना केली, "नेव्हर!!"

आणि, शिकवल्याप्रमाणे, थांबले.

"सॉरी! सॉरी!" आजोबांचे दोन्ही हात वर! घाबरलेला माणूस दोन सेकंदांत किती अंतर कापतो, हे मला त्या दिवशी प्रत्यक्ष मोजता आले: थेट बसची पायरी. उरलेले वाक्य मामांनी रिकाम्या रस्त्याला ऐकवले.

"मामा, विराम कमी करा!"

"थांब गं, तू शिकवलेलं दुसरं वाक्य हाय की!" असे म्हणून मामांनी दगड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि ते बसकडे धावत सुटले. "अंडर नो सर्कमस्टन्सेस!!"

पुन्हा दोन सेकंद. (काय ती शिस्त!)

डोक्यावर धोंडा धरून धावत येणारा माणूस पाहून बसच्या दाराशी रेंगाळणारे उरलेसुरले पर्यटक आत कोंबले गेले, चालकाने दार लावले, बस हलली. "शुड यू मिस धिस स्टोन!" हे धुळीने ऐकले. खिडकीतून गाइड ओरडला, "मामा, भांडण कशाचं हाय?"

"वाक्याला वजन आलं का नाय?" मामांनी धापा टाकत मला विचारले.

"आले," मी प्रामाणिकपणे म्हणाले.

मामी पिशवी घेऊन दारात उभ्याच होत्या.

"मामी, जाऊ नका! दगड जातोय!"

"कुठं?"

"संभाजीनगरला. माझ्याबरोबर!" या वेळी मी अजिबात विराम घेतला नाही.

एसटीत तो माझ्या मांडीवर बसला. आता माझ्या अभ्यासाच्या टेबलावर बसतो. पाहुणे विचारतात, "एवढा मोठा दगड कुठून आणलास गं?" मी उत्तरापूर्वी दोन सेकंद थांबते. तेवढ्यात आई सांगून टाकते, "तिनं मामांना इंग्रजी शिकवलं, त्याचं बक्षीस!"