सज्ज्याच्या लोखंडी पट्ट्या

जठारपेठेतल्या घराला बाभळीच्या लाकडाचा सज्जा जोडायचा होता, म्हणून मी जुन्या शहरात लोखंडी पट्ट्या घ्यायला गेलो. दुकानदार हसतमुख असला की मला त्यात लबाडीच दिसते. हा माझ्या गळ्यात घडीव लोखंडाऐवजी ठिसूळ ओतीव बीड मारणार, या खात्रीने मी एकेक पट्टी दगडावर आपटून तिचा आवाज ऐकला.

सज्जा बाभळीचा, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "काहून आपटून राह्यले भाऊ? बाभूळ पाण्यात मुरवली का, थे सांगा."

विषय बदलतोय लेकाचा! बाभूळ आमच्याच बांधावरची, वडिलांनी राखलेली. तिच्यावर कसला संशय घ्यायचा? मी ती न मुरवताच सुताराला दिली.

तिसऱ्या वर्षी सज्जा कोसळला. किड्यांनी न मुरवलेल्या तुळयांचा आतून भुसा केला होता. भिंतीवर पट्ट्या मात्र तशाच होत्या, हवेला घट्ट धरून.