हिले डाग हाये

साखरपुड्यात तुमच्या बोटात घातलेली अंगठी त्याआधी कोणाच्या बोटात होती, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

मी नव्हतं विचारलं. आणि मी तर उठता-बसता प्रश्न विचारणारी म्हणून तालुक्यात ओळखली जाते. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा नोकरी सांभाळून आयुष्यभर पत्रकं लिहीत, छापत आणि मंगरूळपीरच्या बसस्टँडवर उभं राहून वाटत आले. दारू सोडा, पोरीची शाळा सोडवू नका, अंगात येणाऱ्यांच्या पाया पडू नका, हुंडा घेऊ नका. उरलेले गठ्ठे घरी यायचे आणि फळीवर, डब्यांखाली, वह्यांच्या कव्हरांवर पसरायचे. मी अक्षरं जुळवायला शिकले ती डाळीच्या डब्याखालून. ‘हुंडा’ हा शब्द मला ‘हंडा’च्या आधी वाचता आला.

पुढे मीही पत्रकं लिहू लागले. त्यातलंच एक वाचून कामरगावचा एक लाइनमन मला भेटायला आला. पक्की नोकरी, म्हणजे आमच्या समाजात सोन्याच्या भावाचा मुलगा. आमची पहिली भेट विहाराच्या ओट्यावर झाली. पोह्यांचा ट्रे घेऊन मी कोणापुढे जाणार नव्हते. त्याने बसल्याबसल्या सांगून टाकलं, “मले काही नको. गाडी तं नकोच नको.”

गाडीचा विषय कोणी काढलाच नव्हता. पण मला वाटलं, हेच ते. शब्दांनी माणूस बदलतो. साखरपुडा झाल्यावर मी नवं पत्रक काढलं. मथळा दिला ‘पहिला नकार’. खाली आम्हा दोघांचा फोटो. हुंड्याशिवाय, देण्याघेण्याशिवाय होणारं आमचं लग्न कसं एका नकारापासून सुरू झालं, ते मी त्यात लिहिलं. तो नकार अर्थातच माझा होता, हुंडा मागणाऱ्या घरात न जाण्याचा. पत्रक कारंज्याला गेलं, वाशीमला गेलं, अनसिंगला गेलं.

लग्नाला दोन महिने होते तेव्हा आम्ही मंगरूळला सोनाराकडे गेलो. मंगळसूत्र नको, बाकी दागिना नको, दोघांना एकेक साधं वेढं, म्हणजे बिनखड्याची गोल अंगठी, दोन्ही सारख्या वजनाची, असं आमचं ठरलं होतं. माझं वेढं मात्र साखरपुड्याच्या अंगठीला लागून बसायला हवं होतं. त्या अंगठीवर लाल खड्याचं फूल होतं आणि फुलाच्या पाकळ्या खाली उतरलेल्या होत्या. सोनाराने ट्रेमधली सगळी सरळ वेढी लावून पाहिली. दरवेळी मधे ज्वारीचा दाणा जाईल एवढी फट राहायची.

“सरळ पट्टी नाही बसत हिच्यापाशी,” म्हातारा सोनार म्हणाला. “जराशी वाकवा लागन. काहाडा थे, पाहू द्या.”

त्याने अंगठी रिठ्याच्या पाण्यात बुडवली, ब्रशने घासली, डोळ्याला भिंग लावून फिरवली. मग थांबला.

“हिले डाग हाये, बाई.”

मला रागच आला. “कायचा डाग? नवी अंगठी हाये. पुसून टाका ना.”

“पुसून जाते थो कपड्याचा डाग,” तो हसला. “सोन्याले डाग देनं म्हंजे सांधनं. कापली, मधात तुकडा टाकला, न मंग डाग देल्ला. हे पाहा.”

मी भिंगातून पाहिलं. तळव्याकडच्या बाजूला दोन बारीक रेघा होत्या आणि त्यांच्या मधे तांदळाएवढा तुकडा, बाकी सोन्यापेक्षा किंचित फिका.

“वाढवेल हाये,” सोनार म्हणाला. “आंधी बारीक बोटाची व्हती.”

“नवी बनवतानाच वाढवली असन.”

“नवी कायले कोनी कापन? नवी तं मापानंच बनते.”

माप. साखरपुड्याआधी माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या बहिणीने माझ्या बोटाला दोरा गुंडाळून माप नेलं होतं. त्या दोऱ्यावरून आम्ही किती हसलो होतो. मी हसत त्याच्याकडे वळले. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

“बाहेर चाल,” तो म्हणाला. “रस पिऊ.”

सोनाराने अंगठी कापडावर ठेवून माझ्याकडे सरकवली. “वेढ्याचं मंग पाहू,” एवढंच बोलला. असल्या गोष्टी त्याच्या काउंटरवर याआधीही उघडल्या असाव्यात.

रसवंतीत चाकाचे घुंगरू वाजत होते. त्या आवाजात त्याने पहिलं वाक्य बोलून टाकलं.

“दोन सालाआंधी माहा साखरपुडा झाला व्हता. अनसिंगले.”

हे मला सांगितलेलं नव्हतं. तरी मी म्हटलं, ठीक आहे, असू शकतं. “मोडला?”

“हाव.”

“काहून?”

त्याने ग्लास टेबलावर गोल फिरवला. “गाडी.”

मग एकेक करून निघालं. अंगठी घालून झाल्यावर, अनसिंगच्या विहारात, सगळ्यांसमोर त्याच्या मोठ्या काकांनी बोलणं काढलं होतं. हुंडा आम्ही घेत नाही, फक्त पोराला ड्युटीवर जायला एक गाडी घेऊन द्या. मुलीचा बाप मान खाली घालून हिशेब करत बसला. मुलगी उठली.

“थिनं अंगठी काढली न ताटातल्या सुपारीवर ठेवली,” तो म्हणाला. “म्हने, आता गाडीवालीच पाहा.”

“न तू?”

“मी बसलो व्हतो.”

“बसून काय करून राह्यला व्हता?”

“काही नाही.”

“मंग?”

“मंग घरच्यायनं सांगतलं का पोरीचं बाहेर काही व्हतं, म्हनून आमीच सोडली. डाग लागेल पोरगी हाये, म्हने.”

तासाभरात तो शब्द मी दुसऱ्यांदा ऐकला.

“न तू काय म्हनला?”

“मी काय म्हननार? चूप राह्यलो.”

रस तसाच ठेवून मी उठले. माझ्याआधी कोणी होती याचा मला धक्का नव्हता. पायाखालची जमीन सरकली ती वेगळ्याच गोष्टीने. ‘गाडी तं नकोच नको’ हे वाक्य ज्याला मी माझ्या लेखणीचा विजय समजत होते, ते त्याला अनसिंगच्या एका मुलीने शिकवलं होतं, आणि शिकवल्याबद्दल तिला त्यांनी गावात बदनाम केलं होतं. वर मी मोठ्या अक्षरांत छापलं होतं, पहिला नकार! ते पत्रक मी स्वतःच्या हाताने तिच्या गावात पाठवलं होतं.

घरी बाबा बाजेवर पेपर वाचत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते दचकले नाहीत. मला ते आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी खाली बसले.

“तुमाले माहीत व्हतं?”

“स्थळ पाहताना चौकशी करा लागते, माय,” बाबा म्हणाले. “चार लोकायले इचारलं मी. सारे म्हने, पोरगीच बराबर नव्हती.”

“तिले इचारलं?”

“परक्या पोरीले जाऊन काय इचारतं?”

“तुमच्याच पत्रकात छापेल हाये, बाबा. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा.”

“थे देवाधर्माबद्दल हाये.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं असावं. चष्मा काढून ते बनियनच्या टोकाने पुसत राहिले. मला त्यात काहीच जिंकल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाशीमला गेले आणि तिथून जीपने अनसिंगला. अंगठी कागदात बांधून पर्समध्ये टाकली होती. मुलगी शिलाई करते एवढं तो बोलून गेला होता. तेवढ्यावर घर सापडलं. दारातच मशीन होती. तिने मान वर केली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, “ओळखलं तुले. तुहा फोटू आला व्हता कागदावर.”

मी उंबऱ्यावरच बसले.

तिने मशीनखालून कागदी फर्म्यांचा गठ्ठा काढला. ब्लाउजच्या गळ्यांचे कापलेले नमुने होते. त्यातला एक तिने माझ्यापुढे धरला. गोल गळा होता आणि कडेला माझ्याच मथळ्याची अक्षरं उरली होती. ‘पहिला न’.

“कागद जाड हाये तुमचा,” ती म्हणाली. “दुसरे लवकर फाटतात.”

मी माफी मागितली. अडखळत मागितली. मग सवयीने म्हणाले की मी दुसरं पत्रक काढते, खरं काय झालं ते सगळं छापते.

“नको वं माय! तोंडानं बदनाम झाली थे कमी हाये काय? आता छापून होऊ?”

“मंग मी काय करू?”

तिने दाताने दोरा तोडला. मशीनचं चाक हाताने थांबवून ती म्हणाली, “माह्यं सोड. माह्या लहान बहिणीचे दोन स्थळं गेले. येतात, चाय पेतात, जातात. वाटंत कोनी तरी सांगते, मोठीचं बाहेर काही व्हतं. तुले करायचंच असन तं त्याले आन. जथी अंगठी घातली व्हती, तथीच. तथी उभा राहून बोलून जाय म्हना.”

मी पर्समधून पुडी काढली. तिने उघडली, अंगठी बोटात घातली. ती सैल होऊन फूल खाली फिरलं. तिला हसू आलं.

“मोठ्ठी करून टाकली. मी काय करू हिचं? घाल नाही तं मोड.” पुडी परत माझ्या हातात आली. “तुले तं नाही मागतली ना गाडी?”

“नाही.”

“मंग मले एक चाय तं पाजाले पाह्यजे त्यानं.”

परत येताना मी त्याला फोन केला आणि अट सांगितली. तिथे बोलशील तर पुढचं बोलू. नाही तर इथेच थांबू.

“लोकं काय म्हनतीन?” तो म्हणाला.

“दोन सालं तिले जे म्हनले, त्यातलं थोडंसं तुले म्हनतीन.”

चार दिवस त्याचा फोन आला नाही. त्या चार दिवसांत मी सोनाराला दोनदा सांगायला निघाले की वेढी करू नका. दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतून परत आले. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, “पौर्णिमा कधी हाये?”

पौर्णिमेला अनसिंगच्या विहारात वंदना झाली. बाबाही आले होते, मी न सांगता. लोक उठायला लागले तेव्हा तो उभा राहिला. भर पावसात खांबावर चढणारा हा माणूस, त्याचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. तो चारच वाक्यं बोलला.

“पोरीचं बाहेर काही नव्हतं. आमी गाडी मागतली व्हती. थिनं नाही म्हनलं. मी चूप बसलो, न मंग आमच्यायनं खोटं पसरवलं.”

मग समोर बसलेली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून म्हणाली, “एवढं सांगाले दोन सालं लागले काय रे? याले गाडी नव्हती काय?”

सगळा विहार हसला. मागे भिंतीशी ती आणि तिची बहीण बसल्या होत्या. बहीण हसत होती. ती हसली नाही. ती हसणाऱ्यांचे चेहरे एकेक करून पाहत होती, आणि त्यांतल्या काहींनी तिच्या नजरेला नजर दिली नाही. मग ब्लाउज द्यायचे आहेत म्हणून ती सगळ्यांच्या आधी निघून गेली. त्याच्याशी बोलली नाही. चहा मागितला नाही.

आमचं लग्न पुढे ढकललं आहे. त्याची आई माझ्याशी बोलत नाही, आणि माझा राग अजून गेलेला नाही. त्याच्यावरचा निम्मा गेला असेल. जी अंगठी दोन बोटांना पुरली, ती मी सोनाराकडे मोडायला दिली. आता वेढी सरळच करायला सांगितली आहेत. कशाला लागून बसायचं नसलं की वाकवावं लागत नाही. लहान बहिणीसाठी नवं स्थळ आलं का, ते मला माहीत नाही. विचारायचा हक्क अजून मला आहे असं वाटत नाही.

तुमच्याकडे मात्र एक मागायचं आहे. उद्या तुमच्या घरात मुलासाठी स्थळाचं बोलणं निघेल. कोणी तरी चहाचा कप ठेवता ठेवता म्हणेल, तिचं एकदा ठरून मोडलं होतं म्हणे. तेव्हा मान हलवून पुढच्या स्थळाकडे वळू नका. चार लोकांना विचारू नका. तिच्या गावची एसटी पकडा, तिच्या दारात जा आणि तिलाच विचारा, बाई, काय झालं होतं? मग ती सांगेल ते पूर्ण ऐका.