सारिकाचा प्रोग्राम आणि परीक्षकांचा 'पसारा'

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

मी लोणावळ्यात कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. आज प्रॅक्टिकलची परीक्षा होती. माझी विद्यार्थिनी सारिका भाजे गावची. तिनं गावातल्या नळांना पाणी सोडायच्या पाळीचा प्रोग्राम केला होता. तोही चित्रं आणि मजकूर टाकता येणाऱ्या डॉक्युमेंटमध्ये. आधी त्या पाळीमागचं कारण मराठीत, मग पाइपलाइनचा नकाशा, त्याखाली कोड. बटण दाबलं की सगळा कोड गोळा होऊन प्रोग्राम चालतो.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हा निबंध झाला. प्रोग्राम कुठंय?"

"सर, ह्यातच हाय. चालवून दावू?"

"आधी हा पसारा काढ. नुसता कोड ठेव."

मी मध्ये पडले, तर म्हणाले, "मॅडम, परीक्षा मी घेतोय." सारिकानं सगळे परिच्छेद आणि नकाशे पुसले.

मग साहेबांचा पहिलाच प्रश्न, "वरच्या वाडीला आधी पाणी का?"

"सर, ते लिवलं व्हतं. तुमीच पुसाय लावलं. खाली आधी सोडलं, तर वर चढाय दाब उरत न्हाई."

तरी मांडणीचे मार्क कापलेच! मी प्राचार्यांकडे तक्रार केलीय.

बाहेर आल्यावर सारिका म्हणाली, "मॅडम, पुढच्या टायमाला नुसता कोडच लिवू का?"

मी "अजिबात नाही" म्हटलं. पण पुढचा परीक्षकही असाच निघाला तर? दुसऱ्याला वाचून कळेल असं लिहिणं ही चूक कधीपासून झाली, सांगा ना?