शेळीनं खाल्लेला शेवट

सांगा बघू, विश्वास कुणावर ठेवायचा? गोडबोल्या वकिलावर, वेळच्या वेळी औषध देणाऱ्या नर्सवर, की रडून रडून डोळे सुजवून घेतलेल्या धाकट्या भावावर? माझ्या धंद्यात हे सोपं असतं. बोल्ट हातात घ्यायचा, नट फिरवून बघायचा. आटे बसले की माल खरा. माणसाला आटे नसतात, म्हणून तर रहस्यकथा लिहाव्या लागतात!

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझं नट-बोल्टचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या बाजूला एक लोखंडी कपाट, आणि त्यात जुनी रहस्य-मासिकं नि पॉकेटबुकं. त्या कपाटाभोवती आमची चार-पाच जणांची टोळी जमते. बोल्ट येतात आणि विकले जातात, किस्से मात्र येतात आणि इथंच राहतात. आता बसायला जागा उरली नाही म्हणून थोडे तुमच्याकडे पाठवतोय.

*

सुरुवात रद्दीपासून झाली. पूर्वी मी बोल्ट कागदात बांधून द्यायचो, आणि रद्दीवाला जे आणेल ते फाडायचो. त्यात ही मासिकं यायची. कव्हरवर किंचाळणारी बाई, हॅटवाला माणूस, आणि त्याच्या पंजापेक्षा मोठं रिव्हॉल्व्हर!

एकदा कांबळे साहेब तणतणत दुकानात शिरले. ते एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते, आता रिटायर झालेत. म्हणाले, "शेठ, माल सदोष आहे."

मी घाईनं बिलबुक ओढलं. "कुठला? अर्धा इंची?"

"बोल्ट ठीक आहेत हो! कागद सदोष आहे. तिजोरीचं दार करकरत उघडतं आणि पान संपतं. आत काय होतं?"

मी बांधलेल्या पुड्या सोडायला लागलो. ते पान वॉशरच्या पुडीला निघालं. तिजोरीत मुनीमजींचं प्रेत होतं! साहेब तिथंच गोणीवर बसले आणि वाचत राहिले. बाहेर कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला.

त्या दिवसापासून मी त्या मासिकांचं एक पान फाडलेलं नाही. बोल्ट आता वर्तमानपत्रात बांधतो. बातमीचं पुढचं पान मागायला आजवर कुणी आलेलं नाही!

*

आमच्या टोळीचा एक नियम आहे. पुस्तक कपाटात आलं की मी त्याच्या पिना काढतो आणि शेवटची पानं वेगळी करून ड्रॉवरमध्ये ठेवतो. वाचणाऱ्यानं आधी खुन्याचं नाव सांगायचं, मगच पानं मिळणार. अंदाज बरोबर आला की कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं बरोबरची खूण, चुकला की फुली.

एका नवख्यानं विचारलं, "शेठ, एवढी कडक शिस्त कशाला?"

म्हटलं, "भावा, शेवटचं पान आधी वाचणारा आणि लग्नात अक्षता पडायच्या आधी जेवून घेणारा, दोघंही कार्याला आलेले नसतात."

*

आता दत्तूआबा. आबा महाळुंग्याचे, जुन्या घरातले. पूर्वी शेती करायचे; आता भोवताली कंपन्या उभ्या राहिल्या आणि आबांनी खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या. आमच्या टोळीतले सगळ्यांत जुने वाचक तेच.

तरुणपणी आबा बांधावर बसून 'पिवळ्या छत्रीचा खून' वाचत होते. डोंगरावरच्या बंगल्यात म्हाताऱ्या मालकाचा खून झालाय. संशय चौघांवर: नर्स, वकील, माळी आणि धाकटा भाऊ. इन्स्पेक्टर चौघांना दिवाणखान्यात बसवतो, म्हणतो, "खुनी याच..." आणि तेवढ्यात पाटाचं पाणी फुटलं म्हणून हाक आली. आबा पुस्तक ठेवून धावले. परत आले तर शेळी शेवटची पानं चघळत होती!

"त्या बंगल्यात खून कुनी केला," आबा म्हणतात, "त्ये लेखकाला ठावं आन् माझ्या शेळीला!"

तेव्हापासून आबा दुसरी प्रत शोधताहेत. फुटपाथ पालथे घातले, रद्दीची दुकानं उचकली. मधल्या काळात चौघांवरही आळीपाळीनं संशय घेऊन झाला. वकिलावर संशय होता त्या दिवसांत जमिनीच्या कामाचा खरा वकील बदलला. नर्सवर आला तेव्हा दवाखान्यात इंजेक्शन घेईनात.

हल्ली मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. आबांच्या डोळ्यांत काचबिंदू झालाय. अक्षरं जवळजवळ गेली, आणि डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. आबा एवढंच बोलले, "नजर जाऊ दे, शेठ. पर त्यो खुनी माझ्या हातनं सुटाया नगं."

मग टोळीला दुसरं काम उरलं नाही. भोसरी, पिंपरी, चाकण. जिथं जुना कागद दिसेल तिथं आम्ही 'पिवळी छत्री' विचारत फिरायला लागलो. एका दुकानदारानं मला खरोखरच पिवळी छत्री काढून दाखवली, वर म्हणाला, "फिक्स रेट!"

*

या शोधात मंगलताई सगळ्यांत पुढे. कामगारांची खानावळ चालवतात. पोळ्यांचा रगाडा उरकला की त्यांचं वाचन सुरू होतं. कपाटाच्या दारावर त्यांच्या नावापुढं फुली शोधावी लागते. त्यांची पद्धत निराळी. बोटांचे ठसे, सिगारेटची राख, असल्या गोष्टी त्या बघतच नाहीत. कोण काय आणि किती जेवलं, ते बघतात.

एका गोष्टीत जमीनदाराला बासुंदीतून विष दिलेलं होतं. सगळ्यांनी स्वयंपाक्यावर बोट ठेवलं. मंगलताई म्हणाल्या, "शक्य नाही. इतका वेळ दूध आटवलेला माणूस बासुंदी नासवेल? तो आमटीत घालेल!"

ड्रॉवरमधून पानं काढली. स्वयंपाकी निर्दोष! खुनी निघाला जावई.

"मला जावयाचं आधीच कळलं होतं," ताई म्हणाल्या. "सासरा मेलाय आणि हा दुसऱ्यांदा भात वाढून घेतो?"

*

कांबळे साहेबांचा खाक्या याउलट. ते गोष्ट वाचत नाहीत, तपासतात. एका कादंबरीत डिटेक्टिव्हच्या सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून सात गोळ्या सुटल्या. साहेबांनी कव्हरवर लाल चिठ्ठी लावली: 'रिजेक्ट'.

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, हे लोक महिन्याला एक पुस्तक लिहायचे. प्रेसचा माणूस दारात उभा, चूल पेटायची त्याच पैशावर. त्यात पान उलटल्याशिवाय झोप येऊ नये असं लिहायचं. काढा बघू तुमच्या कंपनीत असला माल!"

साहेबांनी पुस्तक परत उघडलं, तो पाठलाग पुन्हा वाचला. मग चिठ्ठी हलकेच सोडवत म्हणाले, "सातवी गोळी आपल्यालाच लागलीय, शेठ."

*

आबांनी हे डिटेक्टिव्हचं शास्त्र घरीही वापरून बघितलं. त्यांच्या खोल्यांमध्ये लातूरकडची चार पोरं राहतात. त्यांचा कुकर गायब झाला. आबांनी चौघांना अंगणात बसवलं, मागं हात बांधून येरझाऱ्या घातल्या आणि एकदम वळून गरजले, "चोर ह्याच अंगनात बसलाय! म्या त्याला वळिखलंय!"

एक पोरगा चटकन उठला. "आबा, माफ करा. हीटर आम्हीच चोरून वापरतोय."

दुसरा म्हणाला, "नळ माझ्याकडूनच तुटला."

तिसऱ्यानं मान खाली घातली. "गावाकडचा मेव्हणा लई दिवसांपासून खोलीत राहतोय."

चौथा रडकुंडीला आला. "मी तर काहीच केलं नाही हो!"

"मंग तूच!" आबा म्हणाले.

तेवढ्यात आतून आबांच्या मंडळी कुकर घेऊन आल्या. "शिट्टी बिघडली व्हती पोरांची. दुरुस्त करून आनली. काय झालं वं?"

आबा हे सांगून वर म्हणतात, "चोर अंगनात न्हवता येवढंच चुकलं. बाकी तीन केसी सुटल्या!"

*

शेवटी 'पिवळी छत्री' सापडली ती रावेतमध्ये, समीररावांच्या फ्लॅटवर. समीरराव आयटीतले. त्यांच्याकडं अशी मासिकं भिंतभर आहेत, प्रत्येक प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद. वाचलेलं एकही नाही! "वाचलं की कंडिशन जाते," असं त्यांचं म्हणणं.

"भाऊ, तुम्ही बायकोलाही शोकेसमध्ये ठेवलंय का?" मंगलताईंनी विचारलं.

वहिनी आतूनच म्हणाल्या, "ठेवलं असतं तर बरं! निदान रोज पुसलं तरी असतं!"

समीरराव हसले, पण पाकीट उघडायला राजी होईनात. कागद पापडासारखा झालाय, पिना गंजल्यात, म्हणाले. आम्ही आबांची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ते पिवळं कव्हर पाकिटासकट उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "पाकीट मी स्वतः उघडणार. आणि दुकानात येऊन, त्यांच्यासमोर."

*

ठरल्या दिवशी आबा धुतलेला सदरा घालून आले. नातवानं बाइकवरून आणून सोडलं. समीररावांनी सोबत आणलेल्या कात्रीनं पाकीट कापलं आणि पुस्तक आबांच्या हातात दिलं. आबांनी ते डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, तिरकं करून बघितलं. मग मंगलताईंकडं सरकवलं. "वाच बये, तूच."

मी म्हटलं, "आबा, आधी नाव."

"वकील," आबा म्हणाले. "लिव्हा. सगळे फिरून परत वकिलावरच आलोय."

मी खडूनं लिहिलं. ताईंनी शेळीनं खाल्लं तिथून सुरुवात केली. "'खुनी याच...'" आणि पान उलटलं. "'...लाटेवर बोट हेलकावली. इन्स्पेक्टरनी टॉर्चचा झोत टाकला. डेकवर कॅप्टन डिसिल्व्हा उभा होता...'"

ताई थांबल्या. मी आणि समीरराव एकमेकांकडं बघायला लागलो. डोंगरावरच्या बंगल्याच्या गोष्टीत बोट? गोष्टीत ना समुद्र, ना कॅप्टन! कांबळे साहेबांनी वाकून पिनांपाशी पानं बघितली आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "बाइंडरनं घोळ केलाय. दुसऱ्याच पुस्तकाची पानं जोडलीत." मग घसा खाकरून मोठ्यानं म्हणाले, "आबा, ही पानं..."

"कांबळे साहेब, गप बसा," ताई म्हणाल्या, आणि वाचत राहिल्या. कॅप्टननं गुन्हा कबूल केला. हातकड्या पडल्या. बोट बंदराला लागली. समाप्त.

समीररावांनी रिकामं प्लास्टिकचं पाकीट चोळामोळा करून टाकलं होतं. आबा मान खाली घालून बसले होते. हात गुडघ्यावर.

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, म्हातारा रडतोय. मी जवळ गेलो तर आबा हसत होते! हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पुसलं.

"काय लेखक व्हता रं!" आबा म्हणाले. "म्या आयुष्यभर बंगल्यातल्या चौघांच्या मागं, आन् खुनी बसलाय समुद्रात! कुनाचा बाप वळखंल?"

मी गुपचूप खडू उचलला आणि वकिलापुढं बरोबरची खूण करायला लागलो. खडूचा आवाज ऐकून आबांनी मान वर केली.

"शेठ, फुली मारा. म्हातारा म्हनून सूट न्हाई पायजे. वकील चुकला, कॅप्टन निगाला. हिशोब खरा ठिवा."